नामकरण आणि वाणीचे तप

मनुष्य जन्मास येतो तेव्हा त्याच्या मुठी मिटलेल्या असतात. परंतु त्या मुठींत स्वतःचे असे काहीही नसते. वस्त्र त्याला दुसरे देतात, अन्न दुसरे देतात आणि नावही दुसरेच देतात. वस्त्र चार महिन्यांत तोकडे होते, अन्न काही प्रहरांत जिरून जाते. नाव मात्र आयुष्यभर सोबत राहते आणि देह पडल्यावरही मागे उरते. त्यातही नवल असे की, ज्याचे ते नाव असते तो स्वतः ते क्वचितच उच्चारतो. इतरांनी हाक मारावी आणि त्याने 'ओ' द्यावी, असाच नावाचा व्यवहार असतो. म्हणजे नाव ही एका मनुष्याविषयी इतरांच्या मुखातून जन्मभर निघत राहणारी वाणी आहे. ती कशी असावी, हा प्रश्न वरवर लहान दिसतो. पण गृहस्थाश्रमातील धर्माचा विचार करणाऱ्यास तो लहान वाटण्याचे कारण नाही.

हल्ली घरात मूल जन्मले की नावासाठी आप्तेष्टांची मते मागविण्याची रीत पडली आहे. ही रीत वाईट नव्हे. चार माणसांना विचारणे हे नम्रतेचे लक्षण आहे. परंतु मते कोणाची घ्यावीत, कोणत्या कसोटीवर पारखावीत आणि शेवटी निर्णय कसा करावा, याचा विवेक सुटला की मंगलकार्याच्या दारातच रुसवेफुगवे येऊन उभे राहतात. हा विषय नीट ध्यानी यावा यासाठी एक घर डोळ्यांपुढे आणू या. ते कोणत्याही एका कुटुंबाचे घर नव्हे. थोड्याफार फरकाने ते प्रत्येकाचेच आहे.

तेलीबांध्याचे एक घर

तेलीबांधा हा रायपूर शहरातील जुना तलाव, आणि त्याच नावाची त्याच्या भोवतालची वस्ती. 'तेली' आणि 'बांधा' हे दोन शब्द त्या नावातच उभे आहेत. तलावाच्या काठी आता फिरावयास सुंदर वाट झाली आहे आणि तरुण मंडळी तिला मरीन ड्राइव्ह म्हणतात. पण पत्ता सांगण्याची वेळ आली की सर्वांच्या तोंडी तेलीबांधा हेच नाव येते. एकदा रुळलेले नाव किती चिवट असते, हे तेथे रोज दिसते.

नागपूरकर भोसल्यांचा अंमल अठराव्या शतकाच्या मध्यास छत्तीसगढावर बसला, तेव्हापासून या प्रदेशात मराठी घराणी येत राहिली. पुढे कचेऱ्या, शाळा आणि आगगाडी यांच्या निमित्ताने आणखी आली आणि येथलीच झाली. अशाच एका घरी दुसरी नात जन्मास आली. आजोबा निवृत्त शिक्षक. त्यांनी हौसेने एक वही घातली आणि मते मागविण्यास आरंभ केला. पुण्याहून चुलतभावाचे मत आले, बिलासपूरहून मामाचे आले, परदेशी स्थायिक झालेल्या भाच्याने भ्रमणध्वनीवरून एकदम नऊ नावे पाठविली. जोशीबुवांनी नक्षत्रचरणावरून आद्याक्षर काढून दिले. बाळाच्या काकाने आईच्या नावातील पहिले अक्षर आणि वडिलांच्या नावातील शेवटची दोन अक्षरे जोडून एक नवेच नाव बनविले. त्याचा अर्थ कोणत्याही कोशात सापडेना. नागपूरला दिलेली लेक, म्हणजे बाळाची आत्या, म्हणाली, "बाबा, नाव ठेवण्याचा मान माझा, मग माझे मत वहीत अकराव्या क्रमांकावर कसे?" दहाव्या दिवशी वहीत एकतीस नावे झाली आणि घरात तीन पक्ष पडले.

त्याच संध्याकाळी बाळ पाहावयास आलेल्या दूरच्या नात्यातील एका वयस्क बाईंनी सहज म्हणून सुचविले, "दुसरीही मुलगीच झाली. आता असे नाव ठेवा की, देवाला कळेल, पुरे म्हणून. पुढच्या खेपेस मुलगा होईल." ओसरीवरचे कोणी हसले, कोणी गप्प राहिले. आतल्या खोलीत बाळंतीण जागी होती. तिने ते ऐकले आणि भिंतीकडे तोंड फिरविले. स्वयंपाकघरात आजी डिंकाचे लाडू वळीत होती. तिचाही हात थांबला. एकतीस नावांच्या त्या वहीत या दोघींपैकी एकीचेही मत नव्हते. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

शास्त्राने काय सांगितले

अशा वेळी 'शास्त्र काय म्हणते' असा प्रश्न निघतो. नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक. पारस्कर गृह्यसूत्रात दहाव्या दिवशी पित्याने नाव ठेवावे असे आहे. मनुस्मृतीत दहावा किंवा बारावा दिवस सांगितला आहे, आणि महाराष्ट्रात बाराव्या दिवसावरून या विधीस बारसे हेच नाव पडले. सूत्रकारांनी अक्षरांचाही विचार केला. मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे, मृदू घोषवर्णाने आरंभ होणारे असावे. मुलीचे विषम अक्षरांचे आणि आकारान्त असावे, असे त्यांचे सांगणे. मनूने स्त्रियांच्या नावांविषयी सांगितलेले नियम तर आजही कोणास पटतील असे आहेत: उच्चारास सोपे, क्रूर अर्थ नसलेले, अर्थ चटकन कळणारे, मनास आवडणारे, मंगल आणि आशीर्वादासारखे. त्याच ग्रंथात वर्णभेदाने कोणाच्या नावात हीनता दिसावी असेही सांगितले आहे; ते मात्र सर्व भूतांच्या ठायी समदृष्टी शिकविणाऱ्या गीतेच्या प्रकाशात विवेकी मनुष्य बाजूस ठेवतो.

धर्मशास्त्राच्या निबंधकारांनी एका बालकास एकच नाव असावे असा हट्टही धरलेला नाही. देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम, अशी चार नावे त्यांनी सांगितली. मासनामांत एका परंपरेप्रमाणे मार्गशीर्षापासून कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री, वैकुंठ, जनार्दन अशी भगवंताची बारा नावे बारा महिन्यांना लावलेली आहेत. महिन्यांमध्ये मार्गशीर्ष ही आपली विभूती होय, असे भगवंतांनी दहाव्या अध्यायात सांगितले आहे, त्याचे येथे स्मरण होते. या चतुर्विध योजनेत पूर्वजांचे मोठे शहाणपण दिसते. कुलदेवतेचा मान एका नावात राहिला, जोशीबुवांचे अक्षर दुसऱ्यात राहिले आणि जगात वावरण्याचे नाव मोकळे ठेवले गेले. ज्या घरात आद्याक्षरावरून भांडण जुंपते, तेथे या चार नावांची आठवण करून दिली तर अर्धे भांडण तेथेच मिटते.

श्रीमद्भागवताच्या दशम स्कंधात नंदाघरच्या नामकरणाची कथा आहे. गर्गाचार्य यादवांचे पुरोहित. ते उघडपणे संस्कार करतील तर कंसास संशय येईल, हे भय होते. म्हणून नंदाच्या विनंतीवरून त्यांनी गोठ्यात, एकांतात दोन्ही बालकांची नावे ठेवली. ज्याच्या नावाचा जयघोष पुढे सर्व देशात व्हावयाचा, त्याच्या नामकरणास ना मंडप होता, ना पाहुणे. गाईंच्या सान्निध्यात दोन माता, एक पिता आणि एक ज्ञाता पुरोहित, एवढीच मंडळी. नामकरणाचे सार समारंभाच्या थाटात नाही, हे यावरून उघड होते.

वाङ्मय तपाची कसोटी

शास्त्राने चौकट दिली. परंतु त्या चौकटीत बसणारी शेकडो नावे असतात. त्यांतून निवड करण्याची कसोटी गीतेच्या सतराव्या अध्यायात सापडते. तेथे भगवंतांनी शरीराचे, वाणीचे आणि मनाचे अशी तीन तपे सांगितली. वाणीच्या तपाची लक्षणे अशी की, बोलणे कोणास उद्वेग न देणारे असावे, सत्य असावे, प्रिय असावे आणि हितकर असावे. त्यास स्वाध्यायाची जोड असावी. हा उपदेश सर्व बोलण्यास लागू आहे. मग जो एक शब्द एका जिवाला उद्देशून दिवसातून पन्नास वेळा आणि आयुष्यभर उच्चारला जावयाचा, त्यास तो किती अधिक लागू असला पाहिजे!

पहिली कसोटी उद्वेग न देण्याची. महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी मुलीमागून मुलगी झाली की तिचे नाव 'नकुशी' ठेवण्याची चाल होती. नकुशी म्हणजे नकोशी. शाळेत हजेरी घेताना गुरुजींनी ते नाव वाचावे आणि त्या मुलीने 'हजर' म्हणावे. 'तू नको होतीस' असे रोज सांगितले जावे आणि रोज तिने त्यास 'ओ' द्यावी, याहून मोठा वाणीचा अपराध कोणता? सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये एक समारंभ झाला आणि अशा सुमारे २८५ मुलींना नवी नावे देण्यात आली. त्या वेळी कित्येक मुलींनी आपली नावे स्वतःच निवडली. ज्यांना जन्मतःच कोणी विचारले नव्हते, त्यांना निदान तेव्हा तरी विचारले गेले. तेलीबांध्याच्या घरी आलेल्या बाईंनी सहज म्हणून जे सुचविले, ते याच जातीचे होते. बोलणारी दुष्ट होती असे नव्हे. तिने जे आयुष्यभर ऐकले तेच ती बोलली. पण तप न केलेली वाणी अशीच असते. ती कोणाच्या उरात काय मोडते हे तिला दिसत नाही.

येथे एक भेद लक्षात ठेवावयास हवा. महाराष्ट्रात धोंडू, दगडू, कचरू अशी नावे असत. छत्तीसगढात दुष्काळात जन्मलेल्याचे नाव दुकालू, आणि दृष्ट लागू नये म्हणून दुसऱ्याच्या हाती देऊन परत विकत घेतलेल्याचे नाव बिसाहू ठेवीत. मागली मुले दगावलेल्या मातेने मृत्यूची नजर चुकविण्यासाठी केलेला तो भाबडा उपाय होता. त्या नावांत तिरस्कार नाही, भय आहे. आणि भयाच्या पोटी वात्सल्य आहे. अशा नावाच्या मनुष्यास हसू नये. परंतु देवीच्या लसी आल्या, दवाखाने आले, दुष्काळाचे ते रूप राहिले नाही. आता भयाने नाव ठेवण्याचे कारण उरले नाही, हेही खरे.

दुसरी कसोटी सत्याची. नावाचा अर्थ असावा आणि तो ठाऊक असावा. अक्षरे जुळवून केलेले नाव कानास गोड लागत असेल. पण मूल सहा वर्षांचे झाल्यावर 'माझ्या नावाचा अर्थ काय?' असे विचारील, तेव्हा देण्यास उत्तर हवे. आईबापांच्या नावांचा संगम करावयाचा तर अर्थाला धरूनही करता येतो. आळंदीच्या चार भावंडांची नावे पाहावीत: निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. विषयांपासून मन वळावे, मग ज्ञान व्हावे, तीच पायरी व्हावी आणि शेवटी मुक्ती लाभावी, असा साधनेचा क्रम त्या चार हाकांत साधकांना दिसत आला आहे. भावंडांच्या नावांचा मेळ घालावयाचा तर तो अनुप्रासाचा असण्यापेक्षा असा अर्थाचा असावा. मात्र नुसत्या थोर अर्थाने मनुष्य थोर होत नाही. राष्ट्र धारण करणारा तो धृतराष्ट्र. पण पुत्रमोहाने त्याला स्वतःचे मनही धारण करता आले नाही. 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण उगाच पडलेली नाही. नाव हे आईबापांनी केलेले अभिवचन आहे. ते खरे करण्याचे काम शिक्षणाने आणि संस्काराने पुढे करावयाचे असते.

तिसरी कसोटी प्रियतेची आणि चौथी हिताची. नाव हाकेस सोपे असावे, शेजारच्या छत्तीसगढी, हिंदी वा बंगाली मुलाच्या तोंडीही सहज बसावे. व्यवहाराचे हितही पाहावे. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे जन्माची वर्दी २१ दिवसांत द्यावयाची असते. नाव त्या वेळी ठरले नसेल तर नोंद नावाविना होते आणि नाव मागाहून भरता येते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांस तर शाळाप्रवेशापासून पुढील अनेक कामांसाठी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे. म्हणून घाईने भलते नाव लिहून मागाहून बदलत बसण्यापेक्षा चार दिवस शांतपणे विचार करणे हिताचे. कायदा जेथे थांबावयास तयार आहे, तेथे नातलगांनी एका संध्याकाळसाठी उतावीळ होऊ नये.

मत कोणाचे?

आता मुख्य प्रश्न. मते पुष्कळ आली; निर्णय कोणाचा?

गीतेच्या शेवटच्या अध्यायात एक प्रसंग आहे, त्याकडे घाईने वाचणाऱ्याचे लक्ष जात नाही. अठरा अध्याय उपदेश केल्यावर, सर्वज्ञ असूनही, भगवंत अर्जुनास सांगतात की, हे गुह्याहून गुह्य ज्ञान मी तुला सांगितले; याचा संपूर्ण विचार कर आणि मग तुला योग्य वाटेल तसे कर. ज्याने मत द्यावयाचे त्याने कसे द्यावे, याचा हा आदर्श आहे. साक्षात भगवंतांनी आपले मत लादले नाही. मग आत्या, काका, मामा आणि आजोबा यांनी आपले मत मानले गेले नाही म्हणून रुसावे काय? मत देणे हे कर्म. ते मानले जाणे हे फळ. कर्मावर आपला अधिकार आहे, फळावर नाही, हा गीतेचा पाठ बारशाच्या घरातच गिरवावयास मिळतो.

आणि ज्याने मत घ्यावयाचे त्याने? त्याने सर्वांत मोठा आवाज ऐकू नये. जो आवाज येत नाही तो ऐकावा. या बाबतीत रायपूरनेच अभिमानाने आठवावी अशी एक कथा आहे. १८७७ मध्ये विश्वनाथ दत्त हे कलकत्त्याचे वकील कामानिमित्त रायपुरात राहिले आणि त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा नरेंद्र सुमारे दोन वर्षे या गावी होता. तोच पुढे स्वामी विवेकानंद झाला. येथल्या बूढा तालाबास आणि विमानतळासही आता त्याचेच नाव आहे. या मुलाचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा. त्याच्या चरित्रात सांगितले आहे की, नामकरणाच्या वेळी घरात बराच ऊहापोह झाला. आजोबा दुर्गाचरण तारुण्यातच संन्यास घेऊन निघून गेले होते, म्हणून त्यांच्या स्मरणार्थ दुर्गादास नाव ठेवावे असे काहींचे मत पडले. मातेने, भुवनेश्वरीदेवींनी, काशीच्या वीरेश्वर शिवाची आराधना केली होती. त्यांनी बाळाच्या डोळ्यांत पाहून वीरेश्वर हे नाव सांगितले आणि सर्वांनी ते मानले. घरात त्या नावाचे लाडके रूप बिले असे झाले. जगात नरेंद्रनाथ हे नाव चालले. आणि १८९३ मध्ये अमेरिकेस निघालेल्या संन्याशाचे नाव विवेकानंद झाले. नावे बदलत गेली, पण प्रारंभी मातेच्या शब्दाचा मान राहिला, आणि इतरांनी आपला आग्रह सोडला. लोकमान्यांचेही असेच. त्यांचे जन्मनाम केशव. पण घरात 'बाळ' म्हणून जी हाक पडली तीच टिकली, आणि गीतारहस्याच्या कर्त्यास देशाने बाळ गंगाधर टिळक म्हणूनच ओळखले. प्रेमाची हाक ही वहीतल्या ठरावाहून बळकट ठरते.

मातेच्या मानाविषयी गीता स्वतः काय करते, तेही पाहण्याजोगे आहे. भगवंत अर्जुनास पुनःपुन्हा पार्थ आणि कौंतेय म्हणतात. पृथा म्हणजेच कुंती. दोन्ही हाका आईच्या नावाच्या. रणांगणावर हातपाय गळालेल्या वीरास 'तू कोणाच्या पोटी जन्मलास' याची आठवण त्या हाकेने होते. आणि दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी त्याच श्वासात 'परंतप' म्हणून त्याचे शौर्यही जागे केले जाते. छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाने गुरूपुढे पित्याचे गोत्र ठाऊक नसल्याचे खरे सांगितले आणि आई जबालेच्या नावाने तो जाबाल म्हणून विख्यात झाला. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या बाबतीत शासकीय दस्तऐवजांत मुलाच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लिहिण्याचे ठरविले, तेव्हा ते कित्येकांस नवे वाटले. गीता वाचणाऱ्यास ते नवे वाटण्याचे कारण नाही.

देवाचे नाव

नावाचा विचार करता करता नामाचा विचार येणारच. अजामिळाची कथा सर्वांस ठाऊक आहे. त्याने धाकट्या मुलाचे नाव नारायण ठेवले आणि अंतकाळी भयाने त्यालाच हाक मारली; ती हाक वैकुंठापर्यंत पोहोचली. यावरून मुलास देवाचे नाव ठेवले म्हणजे कसेही वागावे, असा अर्थ कोणी काढू नये. अजामिळाने संकट टळल्यावर गंगाद्वारी जाऊन उरलेले आयुष्य साधनेत घालविले, हे कथेचे अर्धे अंग विसरता कामा नये. तात्पर्य एवढेच की, घरात रोज उच्चारला जाणारा शब्द चित्तात खोल ठसा उमटवितो आणि कठीण वेळी तोच वर येतो. आपल्याकडे बारशास वरवंटा गुंडाळून पाळण्याखालून वरून देता-घेता गोविंद, गोपाळ म्हणण्याची जी रीत आहे तिचेही मर्म हेच. बाळाच्या कानी त्याचे नाव जाण्यापूर्वी देवाचे नाव जावे.

छत्तीसगढाच्या भूमीत तर नामाचे एक विलक्षण उदाहरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस चारपारा गावचे परशुराम यांच्यापासून रामनामी समाज उदयास आला. ज्यांना मंदिराच्या दारात उभे राहण्यास मज्जाव होता, त्यांनी रामाचे नाव अंगावर गोंदवून घेतले. कोणी कपाळावर, कोणी सर्वांगावर. अंगावरची वस्त्रेही रामनामाने भरलेली. ज्यांना देवळात जागा नव्हती त्यांनी देहाचेच देऊळ केले. नाव कोणाच्या मालकीचे नसते आणि ते कोणी कोणापासून हिरावून घेऊ शकत नाही, हे त्यांनी न बोलता सांगितले. जगाने लावलेले हीन नाव त्यांनी देवाच्या नावाखाली झाकून टाकले.

बाराव्या दिवशी

आता पुन्हा तेलीबांध्याच्या त्या घरी जाऊ या. पाहुणी बाई गेल्यावर आजोबा वही घेऊन बसले, पण त्यांचे मन लागेना. सून भिंतीकडे तोंड करून निजली आहे हे त्यांनी पाहिले होते. रात्री ते खोलीच्या दाराशी आले आणि म्हणाले, "बाळ, मी साऱ्या गावाला विचारले, तुलाच विचारायचे राहिले. तुझ्या मनात काय आहे?"

सून उठून बसली. थोडा वेळ गेला. मग ती म्हणाली, "बाबा, सातव्या महिन्यापासून डॉक्टरांनी मला हलू दिले नाही. हे राहील की जाईल, कोणी सांगत नव्हते. तेव्हा तुम्ही रोज संध्याकाळी बाहेर गीता म्हणत होता, ते मी ऐकत असे. एक दिवस धृती हा शब्द आला. मी तोच धरून राहिले. मुलगी झाली तर धृती म्हणावे, असे तेव्हाच वाटले होते. पण वहीत इतकी नावे होती."

दहाव्या अध्यायात भगवंतांनी स्त्रियांच्या ठायी असलेल्या आपल्या सात विभूती सांगितल्या आहेत: कीर्ती, श्री, वाणी, स्मृती, मेधा, धृती आणि क्षमा. आजोबांनी तो अध्याय शेकडो वेळा म्हटला होता. आपल्या घरात, एका भिंतीपलीकडे, कोणी तो शब्द प्राणासारखा धरून पडले आहे, हे त्यांना ठाऊक नव्हते. त्यांनी वही मिटली.

मग ते स्वयंपाकघरात गेले आणि आजीलाही विचारले. ती म्हणाली, "तुम्हां सर्वांना आवडेल ते." त्यांनी पुन्हा विचारले. तेव्हा खाली पाहत ती म्हणाली, "अहो, माझे माहेरचे नाव वेणू होते. लग्नात बदलले. आई गेल्यापासून मला त्या नावाने हाक मारणारे कोणी राहिले नाही. पाळण्यात एकदा ते नाव घेतले तर बरे वाटेल. व्यवहाराचे नाव सून म्हणेल तेच ठेवा." पंचावन्न वर्षांचा संसार, आणि एवढे विचारण्यास एका नातीचा जन्म व्हावा लागला. आजोबांच्या डोळ्यांत पाणी आले. ते काही बोलले नाहीत.

बाराव्या दिवशी आत्या नागपूरहून आली. तिला सर्व सांगितले, तेव्हा तिचा अकरावा क्रमांक ती विसरून गेली. ताटात तांदूळ पसरून बापाने अंगठीने नाव लिहिले. आत्याने बाळाच्या कानाशी ओठ नेले. प्रथम गोविंदाचे नाव, मग वेणू, मग धृती. वहीतील एकतीस नावांपैकी एकही निवडले गेले नाही, आणि तरी कोणाचेही मत वाया गेले नाही. कारण इतक्या माणसांनी त्या लेकरासाठी विचार केला होता. दूरच्या त्या वयस्क बाईही आल्या होत्या. घुगऱ्यांची पहिली वाटी सुनेने आपल्या हाताने त्यांना दिली. बाईंनी बाळाच्या कपाळावर हात ठेवला आणि अडखळत म्हटले, "धृती. चांगले आहे." आदल्या बोलण्याचे प्रायश्चित्त त्या एका शब्दात झाले.

गृहस्थांनी यातून घ्यावयाचे ते थोडके आहे. नाव ठेवताना अवश्य विचारावे. पण पहिल्याने त्या माउलीला विचारावे जिने बाळ वाढविले, आणि घरातल्या त्या माणसाला विचारावे ज्याला कोणी विचारीत नाही. जे नाव ठरेल ते उद्वेग न देणारे, खरे, प्रिय आणि हितकर असावे. ठरल्यावर आपला आग्रह भगवंताच्या चरणी ठेवून त्या नावाने प्रेमाने हाक मारावी. आणि मूल मोठे होईल तेव्हा त्याला कधी रागानेही असे नाव ठेवू नये, जे पाळण्यात ठेवले नव्हते. ज्याची सहस्र नावे आहेत आणि जो कोणत्याही नावाच्या हाकेस धावतो, तो प्रत्येक घरच्या पाळण्यास सद्बुद्धीची आणि गोड वाणीची जोड देवो.